'स्टोरेज साफ करा' म्हणजे नक्की काय करा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत जुन्या फोनमधली जागा मोकळी करण्याविषयी अर्ध्या पानाचा मजकूर होता. 'सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जा, एकेक ॲप उघडा आणि स्टोरेज साफ करा,' एवढ्या एका वाक्यात त्यातला मुख्य उपाय उरकला होता. मी तसंच केलं आणि माझी नोंदवही गेली.

मी ३४ वर्षं मुद्रितं तपासली. त्या काळात सापडलेल्या गमतीदार चुका मी चिटोऱ्यांवर लिहून ठेवत असे. निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या फोनमधल्या नोंदींच्या ॲपमध्ये उतरवल्या आणि चिटोरे टाकून दिले. चारशेच्या वर शब्द होते. ते ॲप काही जड नव्हतं, पण साफसफाईचा एकदा सपाटा लागला की हात थांबत नाही.

माझ्या फोनवर त्या पानावर दोन बटणं शेजारी शेजारी आहेत: 'स्टोरेज साफ करा' आणि 'कॅशे साफ करा'. कॅशे म्हणजे ॲप पटकन उघडावं म्हणून त्यानं हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या फायली. त्या पुसल्या तर लागतील तशा पुन्हा तयार होतात. 'स्टोरेज साफ करा' हे बटण मात्र त्या ॲपनं फोनवर साठवलेलं सगळंच पुसतं. लॉगिन, सेटिंग्ज, नोंदी, सगळं. ॲप काल घेतल्यासारखं कोरं होतं. आता सांगा, ज्याला स्टोरेजच मोकळं करायचं आहे तो यातलं कोणतं बटण दाबेल? काही फोनांवर तिथे 'डेटा साफ करा' असं असतं, ते निदान थोडं दचकवतं. माझ्यासारखीच्या हातात ते बटण आलं असतं, तर मी त्यावर लाल पेन्सिलीनं 'या ॲपमधलं सगळं पुसा' असं लिहून परत पाठवलं असतं.

एक कबूल करते. दाबल्यावर इशाऱ्याची चौकट आली होती, माहिती कायमची जाईल असं तिच्यात होतंही. जन्मभर दुसऱ्यांचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि ही चौकट न वाचता 'ओके' केलं. तेवढा दोष माझा.

फोन २०१८ सालचा, खोक्यावर ३२ जीबी छापलेले. त्यातले ११ जीबी फोनच्या स्वतःच्या प्रणालीनंच अडवले आहेत, ते हलत नाहीत. वापरायला किती उरतात तो आकडाही खोक्यावर तितक्याच ठळक टायपात छापायला काय हरकत आहे? लेखात सुचवलेलं 'क्लीनर' ॲपही घेऊन पाहिलं. त्यानं आधी स्वतःची जागा घेतली, मग जाहिराती दाखवल्या आणि 'मेमरी मोकळी झाली' म्हणून टाळ्या वाजवल्या. ती मेमरी म्हणजे रॅम, चालू कामापुरती. तिचा फोटो-व्हिडिओंच्या साठवणीशी काही संबंध नाही. लेखातही दोन्हींना 'मेमरी'च म्हटलं आहे.

खरी अडगळ व्हॉट्सॲपमध्ये होती. तिथे सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आणि त्यातलं साठवणीच्या व्यवस्थापनाचं पान उघडलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या दिसतात, अनेकदा फॉरवर्ड झालेल्याही वेगळ्या. एकच व्हिडिओ मला तीन गटांतून आला होता, वर मी तो पुढे पाठवला त्याची नोंद निराळी. एका बैठकीत ६ जीबी निघाले. त्यातला एकही व्हिडिओ मी मागितलेला नव्हता. आपोआप डाउनलोड होणं बंद केल्यापासून फोन शांत आहे. गॅलरीत फोटो दिसू नयेत अशी सोय पूर्वीच केली होती आणि मला वाटे तेवढ्यानं भागलं. त्यानं फोटो फक्त दिसेनासे होतात, जागा अडवायची ती अडवतातच.

गॅलरीतले जुने व्हिडिओ पुसले तरी आकडा हलेना, म्हणून तासभर चरफडले. मग कळलं की ते कचरापेटीत ३० दिवस बसून राहतात. पेटीही रिकामी करावी लागते, पण एकदा यादी पाहून. गूगल फोटोजमध्ये तर याहून मोठी मेख आहे. बॅकअप झालेला फोटो तिथे नेहमीसारखा 'हटवा' म्हणून पुसलात, तर क्लाउडवरचा, म्हणजे गूगलकडे इंटरनेटवर साठवलेलाही जातो. फक्त फोनवरचा काढायचा असेल तर 'जागा मोकळी करा' हा वेगळा पर्याय आहे. लेखात याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि नातवंडांचे फोटो असलेल्या वाचकाला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं.

पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा लिहिणाऱ्याला आधी स्वतःच्या फोनवर ते बटण दाबायला सांगा, एवढी विनंती आहे.

गेलेल्या यादीतले साठेक शब्द आतापर्यंत आठवले आहेत, ते या वेळी वहीत लिहिते आहे. त्यात आपल्या त्याच लेखातली एक भर पडली. तिसऱ्या स्तंभात 'साठवण'चा 'सा' पडून त्या जागी 'आ' बसला आहे: 'फोनची आठवण भरली असेल तर ती त्वरित रिकामी करावी.'

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक