मावश्यांना ‘ए फॉर ॲपल’ कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत प्रौढांना इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवर मोठा लेख आला आहे. लेखिकेने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत कुणीही असा शिक्षक होऊ शकतो, हे आपण चौकट करून ठळक छापलंत. ते वाचल्यापासून मनात खदखद आहे, म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसले.

अशीच एक कार्यशाळा मी दोन वर्षांपूर्वी केली आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवण. आम्ही चाळीसेक जण होतो, बहुतेक निवृत्त. प्रशिक्षक पंचविशीचा, चुणचुणीत मुलगा. पडद्यावर आधी सफरचंद आलं, मग चेंडू, मग मांजर. आम्हा साठीच्या बायकांना उभं करून हातवाऱ्यांसकट बालगीतं म्हणायला लावली. मी विचारलं, ज्यांना मराठी वाचता येतं आणि ज्यांना तेही येत नाही, त्यांना एकाच पद्धतीने शिकवायचं का? ‘मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ,’ असं उत्तर मिळालं. शेवटी प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांचा फोटो काढला आणि पाच वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता. प्रश्न राहिला तो राहिलाच.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी वर्ग सुरू केला. वेळ दुपारी अडीच ते साडेतीन, कारण धुण्याभांड्यांच्या दोन पाळ्यांमध्ये या बायकांना तेवढीच उसंत असते. नऊ जणी आल्या. कार्यशाळेत मिळालेली चित्रांची कार्डं मी इमानदारीने बाहेर काढली. त्या नऊ जणींतल्या एका मावशींचं वय बावन्न. दोन मुलींची लग्नं केलेली, चार घरचा स्वयंपाक सांभाळणारी बाई. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हातवारे करून गाणं म्हणायला लावलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि खालीच बघत राहिल्या. चौथ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. घरी गेले तर म्हणाल्या, ‘बाई, नात बालवाडीत हेच म्हणते. मी म्हणायला लागले तर ती माझ्या चुका काढते. माझं राहू द्या.’

ही चूक माझी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण समोर बसलेल्या बाईचा चेहरा मला दिसत होता.

महिन्याभराने त्याच मावशी ठाणे स्टेशनवर भेटल्या. गाडी अजून फलाटाला लागायची होती. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘चला, बदलापूर आहे, स्लो.’ मी विचारलं, कशावरून? त्यांनी लोकलच्या कपाळाकडे, म्हणजे समोरच्या पाटीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. दोन पोटांचं अक्षर आणि त्याच्यापुढे काटकोन, म्हणजे बदलापूर. नागमोडी अक्षर दोनदा आलं की कर्जत स्लो. मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्यांना हे सांगायला नको: कर्जतची खूण एस, कसाऱ्याची एन, कल्याणची के, अंबरनाथची ए, टिटवाळ्याची टीएल, आणि पुढे फास्टला एफ, स्लोला एस. या बाईला बी, एल, एस, एन, के, ए, टी आणि एफ अशी आठ अक्षरं वीस वर्षांपासून ओळखता येत होती. फक्त त्यांची नावं माहीत नव्हती. आणि मी तिला सफरचंद दाखवत होते!

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून वर्गात आणलं आणि पासबुक काढायला सांगितलं. वरचा मोठ्या अक्षरांतला शब्द दाखवला. मावशी बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे बदलापूर, हे अंबरनाथ, हे कसारा, हे कल्याण.’ मी प्रत्येकाचा आवाज सांगितला, ब, अॅ, न, क. त्यांनी दोनदा ओठांतल्या ओठांत जोडून पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘बँक!’ बाकीच्या आठही जणी आपापली पासबुकं काढायला लागल्या. त्या दिवशी वर्ग साडेतीनला सुटला नाही.

संपादक महाशय, प्रशिक्षणात हे शिकवलं पाहिजे. समोरच्या मोठ्या माणसाला आधीच काय ओळखता येतं ते कसं विचारायचं, आणि तिथून पुढे कसं जायचं. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे हे ब्राझीलमध्ये १९६०च्या दशकात मजुरांना ‘तिजोलो’ म्हणजे वीट, अशा त्यांच्या रोजच्या शब्दांवरून वाचायला शिकवत होते. इतकी जुनी गोष्ट आपल्या कार्यशाळांपर्यंत अजून का पोचू नये?

बाकीचं मी पडत धडपडत शिकले. आधी मोठी लिपी, म्हणजे कॅपिटल अक्षरं घ्यायची, कारण पाट्या, पासबुकं आणि औषधाच्या पट्टीवरचं मुदतीचं ‘ईएक्सपी’ सगळं बहुधा त्यातच असतं. लहान लिपीतले बी, डी, पी, क्यू आरशातल्यासारखे एकमेकांत मिसळतात, ते मागाहून. ज्यांना मराठी वाचता येतं त्या बायका प्रत्येक अक्षराचा एकच आवाज धरून चालतात, कारण आपली लिपी बहुतांशी तशी आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर चाळिसाहून जास्त आवाजांचा भार आहे. ‘सिलिंडर’मधला सी ‘स’ होतो आणि ‘कार्ड’मधला ‘क’, हे कळलं की त्या चिडतात. ते चिडणं रास्त आहे असं आपण सांगितलं, की पुढे जातात. आकड्यांतही फसगत होते. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा दिसतो. शिवाय नऊपैकी चौघींना मुळात जवळचा चष्मा हवा होता. अक्षर ‘कळत नाही’ म्हणणारीला ते दिसतंय का हे आधी बघावं, असं कार्यशाळेत कुणी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

लेखात ‘उल्लास’चाही उल्लेख या सगळ्यात मिसळून टाकला आहे. उल्लास हा पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीचा साक्षरता कार्यक्रम आहे. १७ मार्च २०२४च्या त्याच्या परीक्षेला आमच्या वर्गातल्या दोघी मराठीतून बसल्या होत्या. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. त्यात इंग्रजी हा विषय नाही. हा फरक वाचकांना कळायला हवा होता, कारण मराठीच वाचता न येणाऱ्या बाईला थेट इंग्रजीच्या वर्गात बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे. आमच्या त्या दोघींना मी आधी मराठीच शिकवलं.

कार्यशाळा घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निदान चार दिवस चालू वर्गात मागे बसवा, मग प्रमाणपत्र द्या. आणि महिन्याने एक फोन करा. दोन वर्षांत मला एकही फोन आला नाही. त्या दिवशीच्या चाळिसांपैकी किती जण अजून शिकवताहेत, हे त्या संस्थेला तरी ठाऊक आहे का?

जाता जाता आपल्याबद्दलही लिहिते. आपल्या अंकात रोज ‘इंग्रजी शिका’ अशी चौकट येते. माझ्या बायका तो अंक कामावरच्या घरून मागून आणतात. फिकट निळ्या रंगातलं ते बारीक टायपातलं लिखाण मला भिंग घेऊन वाचावं लागतं, आणि त्यात म्हणी असतात. मांजरं-कुत्री पावसाबरोबर पडतात ही म्हण शिकून आमच्या मावशींनी ती कुणाशी बोलायची? त्याच जागेत एक दिवस विजेच्या बिलावरचे चार शब्द द्या, एक दिवस औषधाच्या पट्टीवरचे, एक दिवस खात्यात पैसे जमा झाल्याच्या आणि वजा झाल्याच्या मेसेजमधले. काळ्या शाईत, मोठ्या लिपीत, शेजारी मराठी उच्चार. शब्द निवडून द्यायला मी तयार आहे. आमच्या नऊ जणींना आधी दाखवीन आणि मगच आपल्याकडे पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)