पठारावरच्या वाऱ्यात घड्याळाचा पेस धरू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात लेहला होणाऱ्या लडाख मॅरेथॉनची तयारी आपल्याकडच्या धावपटूंना ऐन पावसाळ्यात करावी लागते. उंचीचा सराव व्हावा म्हणून त्यांच्यापैकी काही जण जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर येतात. याच रस्त्यावर अनेक वर्षे धावत आलो असल्याने एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. शर्यतीच्या दिवशी जो पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, धरायचा आहे, तोच पेस घड्याळाकडे पाहत या पठारावर रेटण्याची पद्धत चुकीची आहे, आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य व क्रीडा पुरवण्यांत छापली जाणारी सरावाची वेळापत्रके नकळत त्याच पद्धतीला बळ देतात.

चाळकेवाडी-वनकुसवडे परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या इथल्या वाऱ्यामुळे. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीवर चढतात आणि माथ्यावरच्या उघड्या पठारावर त्यांना अडवणारे काहीच नसते. अशा ठिकाणी ‘दहा किलोमीटर, पाच मिनिटांच्या पेसने’ अशी सूचना पाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांचा पेस म्हणजे ताशी १२ किलोमीटर वेग. तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला की अंगावर येणारी हवा ताशी २४ किलोमीटरची होते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो शांत हवेतल्यापेक्षा चौपट होतो. तोच वारा पाठीमागून असला तर विरोध जवळजवळ शून्यावर येतो, म्हणजे जाताना तीन पट जास्तीचा भार सोसायचा आणि परतताना एकाच पटीची सूट मिळवायची. ‘जाता-येता वारा फिटतो’ असे धावणाऱ्यांमध्ये सर्रास म्हटले जाते, पण तो फिटत नाही. शिवाय पाय आणि श्वास जाताना एकदा थकले की परतीच्या सुटीचाही पूर्ण उपयोग होत नाही.

वाऱ्याने किती फरक पडू शकतो, याचे उदाहरण बॉस्टन मॅरेथॉनने दिले आहे. २०११ मध्ये पाठीमागून वारा असताना जेफ्री मुताई यांनी २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत शर्यत जिंकली. २०१८ मध्ये गारठ्यात, पावसात आणि समोरच्या जोरदार वाऱ्यात त्याच मार्गावर युकी कावाउची यांना विजयासाठी २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद लागले. थंडी-पावसाचा आणि धावपटूंतील फरकाचा वाटा वजा केला तरी उरणारे अंतर मोठेच आहे. त्या दिवशी २ तास ३ मिनिटांचा पेस धरण्याचा हट्ट कोणी केला असता, तर तो शेवटपर्यंत पोहोचला असता असे मला वाटत नाही.

उंचीबद्दलही गैरसमज आहेत. चाळकेवाडीचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंच आहे, तर सातारा शहरच ७०० मीटरच्या आसपास आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाढाव्यात यासाठी सामान्यतः दोन-अडीच हजार मीटर उंचीवर तीन ते चार आठवडे राहावे लागते. केनियातील इटेन गावाला धावपटूंच्या जगात एवढे महत्त्व आले, त्यामागे तिथली सुमारे २४०० मीटरची उंची आहे. चाळकेवाडीत चढ मिळतो, वारा मिळतो, मोकळा रस्ता मिळतो, पण त्याला ‘हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग’ म्हणणे धावपटूची दिशाभूल करणारे आहे. याउलट लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. विरळ हवेत वाऱ्याचा विरोध थोडा कमी होतो हे खरे, पण प्राणवायूच्या तुटीपुढे ती सवलत अगदीच किरकोळ ठरते. १९६४ मध्ये टोकियोत अबेबे बिकिला यांनी २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली होती. १९६८ मध्ये २२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत त्यांचेच देशबांधव मामो वोल्डे जिंकले ते २ तास २० मिनिटे २६ सेकंदांत. दोघेही इथिओपियाच्या उंच पठारी देशातले. त्यांच्यासारख्यांची ही स्थिती असेल, तर पुण्या-मुंबईच्या धावपटूने घरचा पेस लेहमध्ये अपेक्षूच नये.

म्हणून पठारावरचा मॅरेथॉन पेसचा सराव अंतराऐवजी वेळेने आणि श्रमाने मोजावा. ‘दहा किलोमीटर, पाच मिनिटांच्या पेसने’ याऐवजी ‘पन्नास मिनिटे, मॅरेथॉनच्या श्रमाने’ असे लिहावे, म्हणजे छोटी वाक्ये बोलता येतील इतकाच श्वास चढू द्यावा आणि घड्याळावर पेस साडेपाच दिसला तरी तो स्वीकारावा. गटाने धावत असल्यास समोरच्या वाऱ्यात एकामागे एक रांग धरावी आणि पुढची जागा आळीपाळीने घ्यावी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी पुढे हवेच्या विरोधाचाही अभ्यास केला, तेव्हा दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतराने धावणाऱ्याचा हा विरोध सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो असे त्यांना आढळले. शर्यतीतही हे कौशल्य उपयोगी पडते, आणि ते शिकायला चाळकेवाडीइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. ज्यांना नेमक्या पेसची पायांना सवय लावायचीच आहे, त्यांनी तो एक दिवस खालच्या आडोशाच्या, सपाट रस्त्यावर काढावा.

लेहला पोहोचल्यावर तर ही शिस्त आणखी काटेकोरपणे पाळली पाहिजे. पहिले काही दिवस विश्रांती आणि संथ चालणे एवढेच करावे. तिथे दुपारनंतर वारा जोर धरतो आणि सकाळ त्या मानाने शांत असते. शर्यतही सकाळीच सुटते. तेव्हा ‘आत्मविश्वास यावा’ म्हणून दुपारच्या वाऱ्यात शर्यतीचा पेस आजमावण्यात काहीच अर्थ नाही. त्यातून मिळणारा आकडा शर्यतीच्या हवेचा नसतो आणि लागलेला थकवा मात्र शर्यतीच्या दिवशी सोबत येतो. शर्यतीच्या मार्गावर सिंधूच्या काठाकडून शहराकडे परततानाचा चढ नेमका थकलेल्या पायांच्या वाट्याला येतो, त्यासाठी ताकद राखून ठेवलेली बरी.

आपणास विनंती अशी की, मॅरेथॉनची वेळापत्रके छापताना ती सपाट रस्त्यासाठी आणि शांत हवेसाठी आहेत, हे त्याच चौकटीत नमूद करावे, आणि पेसच्या रकान्याशेजारी श्रमाचाही एक रकाना द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा