आई, पिशवीवरच्या रेघांबद्दल

नैरोबी
२ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याला फोनवर आई रागावली ते मला कळलं. "आमच्या वेळेला कुठल्या पिशव्या होत्या? बायका वाचल्याच की," असं म्हणून तिने फोन बाबांच्या हातात दिला आणि बाबांनी नेहमीप्रमाणे इथल्या पावसाचं विचारलं. फोनवर आपली गाडी 'जेवलीस का'च्या पुढे जातच नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. आईला बारीक अक्षर लागत नाही, आणि लागलं तरी ती मधली पानं सोडून शेवटावर जाते.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आई 'पिशवी आकसली नाही' म्हणते तेव्हा ती गर्भाची पिशवी. मी म्हणते ती प्लास्टिकची. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या खाली एक पातळ प्लास्टिक सरकवायचं, त्याचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता असतो, अंगावरून जाणारं रक्त त्यात साठतं. त्या निमुळत्या भागावर रेघा असतात. ३०० मि.ली.ला एक, ५०० ला एक. एवढंच. ना त्यात यंत्र, ना बॅटरी. आईला वाटलं, एवढ्यासाठी पोरगी आफ्रिकेत जाऊन बसली? पहिल्यांदा बघितली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आई, तू नर्स होतीस तेव्हा रक्त किती गेलं याचा अंदाज कसा करायचीस ते मी लहानपणी कितीदा ऐकलंय. किती फडकी भिजली, चादरीवर डाग केवढा, बादलीत किती. कंदिलाच्या उजेडात, कधी तोही नाही. आणि तुझ्या रजिस्टरात मग 'रक्तस्राव – साधारण'. डोळ्यांचा अंदाज चुकतो तो नर्स कच्ची म्हणून नव्हे. फडक्यात मुरलेलं, पाण्यात मिसळलेलं, खाटेखाली गेलेलं रक्त कोणालाच मोजता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. आणि जितकं जास्त जातं तितका अंदाज जास्त कमी पडतो, म्हणजे जिथे चुकायला नको तिथेच माणूस सगळ्यात जास्त चुकतो.

हे तपासलं कुठे, सांगू? बेळगावात! इथे येऊन जुने कागद चाळत होते, त्यात हे नाव दिसलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मिसुरीच्या संशोधकांबरोबर अशी खुणांची पिशवी तयार केली. १२३ बायकांवर त्यांनी दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तर डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी भरला. म्हणजे तीन वाट्या गेलं असेल तर आपण दोन लिहितो.

त्याच लोकांनी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत दुसरा एक मोठा अभ्यास केला. १,६२० बाळंतपणं, घरी किंवा उपकेंद्रात, आणि सगळी तुझ्यासारख्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सबायकांनी केलेली. निम्म्या बायकांना बाळंत झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाची पिशवी आकसवणाऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. रक्त मोजलं त्या पिशवीनेच. गोळीचं महत्त्व तुला सांगायला नको. तेच काम करणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला थंडावा लागतो, आणि आपल्या उपकेंद्रात फ्रीज म्हणजे लाइट आली तर फ्रीज, नाहीतर कपाट. हे सगळं शिनोळीच्या नाक्यापलीकडे चाललं होतं आणि तू अलीकडे, चंदगडच्या डोंगरात, पेशंट घेऊन त्याच बेळगावला जाणाऱ्या जीपची वाट बघत होतीस. तुम्हा बायकांना कोणी सांगितलंही नसेल. दोन राज्यांची हद्द मध्ये होती, दुसरं काय.

ती गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी यायला २०११ उजाडलं. गर्भपातासाठीही ती वापरतात, म्हणून कितीतरी सरकारांनी तिला हात लावायला नको म्हटलं. औषध सापडलं म्हणजे बाईच्या तोंडात गेलं असं होत नाही. मी इथे नेमकं काय करते, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं, पण आधी आईचं पुरं करते.

आई, तुझी बाजू घेणारा अभ्यासही आहे, तो लपवून ठेवणं बरं नाही. युरोपातल्या १३ देशांत २५ हजारांवर बाळंतपणांत निम्म्या हॉस्पिटलांना रक्त गोळा करायची पिशवी दिली आणि २०१० मध्ये निकाल आला: गंभीर रक्तस्रावाच्या प्रमाणात काही फरक नाही! तू म्हणालीस तेच, नुसत्या पिशवीने काय होतंय. रक्त किती गेलं हे कळलं, पण कळल्यावर कोणी काय करायचं हे जिथल्या तिथेच राहिलं.

मग बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतली ८० हॉस्पिटलं घेतली. निम्म्यांत रेघांची पिशवी, आणि रेघेला रक्त पोचलं की एकामागून एक नव्हे, एकदमच सगळं करायचं: पोटावरून गर्भाची पिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, आणि तपासणी, फाटलंय का, वार अडकलीय का. उरलेल्या हॉस्पिटलांत नेहमीचीच पद्धत. गंमत म्हणजे त्यांनाही पिशवी दिली होती, फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. दोन लाख दहा हजारांवर बायका. २०२३ च्या मे महिन्यात निकाल छापून आला. बिनरेघांच्या ठिकाणी जास्त रक्तस्राव निम्म्याच वेळा ओळखला गेला होता, ५१ टक्के. रेघांच्या ठिकाणी ९३ टक्के. लिटरभर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातच मरण येणं, हे तिन्ही मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. नुसते मृत्यू वेगळे काढले तर आकडे इतके लहान होतात की त्यावर छातीठोकपणे बोलता येत नाही. मी ट्रेनिंगला जाते तिथे हेही सांगते.

आता इथल्या नर्सना शिकवताना मला पहिल्या दिवशी एकीने काय विचारलं असेल? "वीस वर्षं करतेय, मला कळत नाही का?" शब्द स्वाहिलीतले, पण सूर थेट तुझा. मी तिला काही बोलले नाही. रात्रपाळीला तिच्याबरोबर थांबले. एक बाई बाळंत झाली, सगळं ठीक वाटत होतं, वार पूर्ण पडली, बाळ रडलं, नर्स बाळाकडे वळली. मी पिशवीकडे बघितलं तर रक्त वरच्या रेघेला टेकत होतं. तिनेही बघितलं. पुढची दहा मिनिटं ती काही बोलली नाही, आणि तिचा हात त्या बाईच्या पोटावर असा चालत होता की मला तुझी आठवण झाली, कणीक मळताना तुझा अंगठा असाच बाहेर येतो. बाई वाचली. नर्सने मला कबूल काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र खोक्यातून पिशव्या मोजून तिने स्वतःच्या कपाटात ठेवल्या.

त्या हाताचं काम तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. रेघ फक्त सांगते, कधी सुरू करायचं. गेल्या महिन्यात केपटाऊनला जागतिक आरोग्य संघटनेने नवे नियम जाहीर केले: ५०० ची वाट बघू नका, ३०० गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं तर तिथेच हात चालवा. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ५०० परवडतंच कुठे? आपल्याकडच्या कितीतरी जणी सातव्या महिन्यात पांढऱ्याफटक दिसायच्या, तू लोहाच्या गोळ्यांच्या पुड्या बांधून द्यायचीस आणि त्या सासूच्या धाकाने घ्यायच्या नाहीत.

आणि त्या श्रावणातल्या बाईचं. मला माहीत आहे की तू तिच्याबद्दल बोलत नाहीस. मी सातवीत होते, पडवीत झोपल्यासारखं करून सगळं ऐकत होते. तू बाबांना म्हणालीस, "थोडंच गेलंय असं वाटलं मला." पाडव्याला तू चिडलीस ती यामुळेच असावी, माझी चूक झाली, फोनवर मी आकडे फेकत सुटले. तुझा दोष काढायला मी हे काम धरलेलं नाही. तुला त्या रात्री ती रेघांची पिशवी मिळाली नाही, इतकंच मला म्हणायचं होतं.

बाबा, आता तुमचं. लोक विचारतात पोरगी काय करते, आणि 'ॲडव्होकसी' ऐकून तुम्ही गावभर सांगितलंत की ती वकील झाली! देशपांडेकाकांनी जमिनीच्या केसबद्दल मला मेसेज केलाय. त्यांना कृपा करून थांबवा.

तुम्हाला आठवतं, धनगरवाड्याच्या फाट्यावर गाडीला विनंती थांबा मिळावा म्हणून तुम्ही किती अर्ज केलेत? ड्रायव्हरला काय पडलंय म्हणून लोक हसायचे. तुम्ही रोज किती माणसं चालत येतात ते वहीत लिहायचात, दीड वर्ष, आणि शेवटी ती वहीच साहेबांपुढे ठेवलीत. माझं काम तेच आहे. पिशवी, गोळी, इंजेक्शन सरकारी खरेदीच्या यादीत यावं, त्याला बजेटात ओळ मिळावी, आणि ओळ मिळाली तर माल जिल्ह्यापर्यंत पोचावा, यासाठी कचेऱ्यांच्या बाकांवर बसायचं. वही घेऊन. इथले साहेबही चहा पाजतात आणि पुढच्या मंगळवारी या म्हणतात.

जगात २०२३ मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणात सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या. चौथ्या हिश्श्याहून जास्त एकट्या नायजेरियात, आपल्या देशात सुमारे १९ हजार. महाराष्ट्राचं चित्र पुष्कळ बरं आहे: २०१८–२० च्या सरकारी मोजणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशाचं ९७. रक्तस्राव हे यातलं एक मोठं कारण, आणि त्याचे उपाय तर वर लिहिलेच.

कोर्टकचेरी अगदीच नसते असं नाही. इथल्या बुंगोमा काउंटीत एक बाई हॉस्पिटलच्या फरशीवर बाळंत झाली आणि वर नर्सचा मार खाल्ला. ती कोर्टात गेली. २०१८ मध्ये हायकोर्टाने तिला २५ लाख शिलिंग भरपाई दिली. पुढच्याच वर्षी ११४ देशांतल्या जवळजवळ १२ लाख बायका-मुलींची उत्तरं जमा झाली, 'तुम्हाला दवाखान्याकडून काय हवं?' एवढ्याच प्रश्नाची. सुरुवात झाली होती भारतातूनच. मला वाटलं औषधं मागतील, डॉक्टर मागतील. सगळ्यात वर आलं, आमच्याशी माणसासारखं वागा. त्याखाली पाणी आणि संडास. आई, तू कळा देणाऱ्या बाईला कधी 'ओरडू नकोस' म्हणाली नाहीस, म्हणून तालुक्याच्या दवाखान्याला टाळून बायका तुझ्याकडे यायच्या. तेव्हा मला वाटायचं त्या अडाणी आहेत.

माझ्याबरोबरची एक मुलगी डिसेंबरात बेळगावला येतेय. तिच्याकडे तुझ्या बीपीची यंत्रपट्टी, बाबांसाठी इथला चहा आणि एक पिशवी देते. न वापरलेली, घाबरू नकोस. बाबा, तुम्ही आमसुलाचं पाणी करा, माप घेऊन, पण किती ते आईला सांगू नका. थोडं जुन्या लुगड्यावर ओता, थोडं चादरीवर, थोडं बादलीतल्या साध्या पाण्यात. आई अंदाज करेल. मग तेवढंच पिशवीत ओता आणि रेघ बघा. दोन्ही आकडे मला लिहून पाठवा. आईचा अंदाज बरोबर आला तर तेही लिहा, मी ट्रेनिंगला सांगेन.

तुमची,
शुभा

ता. क. लुगडं जुनंच घ्या, आमसुलाचा डाग जात नाही.