‘रजनी फेम’ एवढंच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दूरदर्शनच्या जुन्या नायिकांवरचा लेख वाचला. फोटो छान जमवलेत. पण प्रिया तेंडुलकर यांच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली. विजय तेंडुलकरांची कन्या आणि ‘रजनी फेम’ अभिनेत्री, की लगेच गाडी पुढच्या नायिकेकडे. त्या दीड ओळीचा हिशेब मागायला हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. १९८५ साली मी २३ वर्षांची होते आणि डोंबिवलीत एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसत होते. एजन्सीचं नाव लिहीत नाही. मालक आता हयात नाहीत आणि मुलांनी धंदाही बदललाय. म्हणजे घरोघरच्या बायका बासु चटर्जींची ‘रजनी’, अन्यायाविरुद्ध भांडणाऱ्या गृहिणीची मालिका, बघून खूश होत होत्या, तेव्हा मी ती ज्यांच्याशी भांडायची त्यांच्या खुर्चीत होते.

तेव्हा गॅसचा नंबर लावायला समक्ष यावं लागे. पुस्तक पुढे करायचं, आम्ही तारीख टाकायची आणि मग वाट बघायची. ‘गाडी आली नाही’ हे आमचं ठरलेलं उत्तर. कधी ते खरं असायचं. कधी गाडी येऊन, उतरून, चार सिलिंडर भलतीकडे जाऊनही झालेले असायचे. मला सगळं दिसत होतं आणि पगार साडेतीनशे रुपये होता.

‘रजनी’च्या एका भागात गॅसचा विषय आला आणि दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर जायच्या आत बाहेर सात-आठ बायका. रोज येणाऱ्याच, पण उभ्या वेगळ्या होत्या. त्यातल्या एक बाई, शाळेत शिकवत असाव्यात, पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘तक्रार वही द्या.’ आवाज अजिबात चढलेला नाही. मी गोंधळले, कारण नोकरीच्या दोन वर्षांत ती वही कुणी मागितलीच नव्हती. शोधली तर चहाच्या टेबलावर सापडली. पुठ्ठ्यावर ग्लासांचे गोल गोल डाग, आत पहिल्या पानावर एजन्सीचा शिक्का आणि पुढे सगळं कोरं. बाईंनी माझंच पेन घेतलं, माझं नाव विचारलं आणि उभ्या उभ्या पाऊण पान लिहिलं. त्या गेल्यावर मी वाचलं. शेवटची ओळ अजून पाठ आहे: ‘काउंटरवरील मुलगी नम्र आहे, परंतु तिला खरे बोलण्याची मुभा दिसत नाही.’

मालकांनी ते पान फाडलं. त्यावर पुढच्या आठवड्यात बाईंनी पान फाडल्याची तक्रार लिहिली. तेव्हापासून मात्र वही टेबलावरून काउंटरवर आली.

मग वजनाचं प्रकरण सुरू झालं. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो हवा आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, हे गिऱ्हाइकांना आमच्याकडून कधी कळलं नव्हतं. एका चाळीतल्या बायकांनी चक्क भंगारवाल्याचा ताणकाटा मागून आणला आणि आमच्या डिलिव्हरीवाल्याला जिन्यातच अडवलं. तो परत येऊन म्हणाला, ‘त्या चाळीत मी जाणार नाही, तिथं सगळ्या मजल्यांवर रजनी राहते.’ आमच्यात तेव्हापासून खूणच झाली. कुणी पिशवीतून कागद काढला की आत निरोप जायचा, ‘रजनीबाई आल्या.’

टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर टॅक्सीवाल्यांनीच दूरदर्शनवर मोर्चा नेला. मालिकेतल्या बाईविरुद्ध खरा मोर्चा! पण रजनीमुळे ग्राहक जागा झाला आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, असं कुणी लिहिलं की मला ते पटत नाही. ग्राहक पंचायतीची माणसं त्याआधी दहा वर्षं डोकी फोडत होती. त्याच्याही आधी मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं होतं. माझी आई त्यात होती, आणि नेलेलं लाटणं हरवून आली म्हणून आजीची बोलणीही खाल्ली होती. आई रस्त्यावर शेकडो जणींबरोबर होती. रजनी काउंटरपुढे एकटी उभी राहायची, तेही साडी नेसून, घरातली कामं आटोपून. आमच्या मालकांना मोर्चाची भीती कधी वाटली नाही. तारीख आणि नाव विचारणाऱ्या एकट्या बाईची वाटायची.

मला त्या बाईचं एवढं का वाटतं, हे खूप नंतर कळलं. प्रिया तेंडुलकर यांनी स्वतः पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्टचं काम केलं होतं. हवाई सुंदरी होत्या, जाहिरातीही केल्या. म्हणजे समोरच्याचा राग अंगावर घेत हसत उभं राहणं त्यांनी आमच्यासारखंच, काउंटरच्या अलीकडून केलेलं होतं. रजनी खालच्या माणसाशी बोलताना त्याला तुडवत नाही, ‘साहेब कुठे आहेत’ हेच विचारते, असं मला तेव्हाही वाटायचं. ते लिहिणाऱ्याचं असेल, दिग्दर्शकाचं असेल. मी ते प्रिया तेंडुलकर यांच्या खात्यात जमा करते.

आणि ‘फेम’च सांगायची तर सगळी सांगा. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये, १९७४ साली, अनंत नागची बायको झालेली मुलगी त्याच. ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ हे मराठी चित्रपट आहेत. नव्वदच्या दशकात त्यांच्याच नावाचा चर्चेचा कार्यक्रम होता. ‘हम पाँच’मध्ये तर भिंतीवरच्या फोटोत बसून नवऱ्याला, म्हणजे अशोक सराफांना, सुनवायच्या. चौकटीबाहेर हातही काढायचा नाही आणि हशा वसूल करायचा, हे करून बघा म्हणावं. आमचे हे तेव्हा म्हणायचे, ‘तुझा फोटो मी भिंतीकडे तोंड करून लावीन.’ ‘रजनी’तला नवरा करण राजदान यांच्याशी त्यांचं पुढे खरंच लग्न झालं आणि ते टिकलं नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हे त्यांच्या कथासंग्रहाचं नाव आहे, जे तुमच्या दीड ओळीत नाही. ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ आहे, ‘पंचतारांकित’ आहे. लेख वाचून मी आमच्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल मुलगी म्हणाली, ‘तेंडुलकर नाटकांच्या कपाटात.’ मी म्हटलं, ‘मुलगी. कथा.’ तिने संगणकात बघितलं, मग खालच्या फळीवरून पुस्तक काढून फडक्याने पुसलं. मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००९ चा. टीव्हीवरची रजनी अर्ध्या तासात प्रश्न सोडवून मोकळी व्हायची आणि तिचं काम करणारी बाई पुस्तकाला असं नाव देते, हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं गेली. वडिलांच्या नावाचं ओझं घेऊन मराठीत लिहायला बसणं काय असेल, ते लिहिणाऱ्यांनीच सांगावं.

१९ सप्टेंबर २००२ रोजी त्या गेल्या. स्तनांचा कर्करोग होता, शेवटी हृदयाने दगा दिला. ४८ वा वाढदिवस बरोबर महिन्यावर होता. विजय तेंडुलकर त्यानंतर साडेपाच वर्षांहून अधिक जगले.

तर विनंती अशी. १९ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस. त्याच्या जवळच्या रविवारी रीतसर परवानगी घेऊन त्यांची एखादी कथा पुरवणीत छापा. जागेची अडचण असेल तर त्या आठवड्यात राशिभविष्य नाही आलं तरी चालेल. छापणार नसाल तर तसं कळवा. हे पत्र मी तारीख टाकून लिहिलंय आणि त्याची प्रत माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त काउंटर क्लार्क,
डोंबिवली (पूर्व)