अक्षर गिरवताना आधी बोट, मग पेन्सिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की कोकणातल्या बाजारपेठांत ठिपक्यांच्या अक्षरांच्या वह्या दुकानांबाहेर टांगल्या जातात. बालवाडीतल्या मुलाने रोज एक पान भरून आणावे अशी पालकांचीही अपेक्षा असते. या पानांनी हाताला लागलेले वळण पुढे तिसरी-चौथीतही सुटत नाही, म्हणून हे पत्र.

ठिपक्यांचा 'म' गिरवणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा हात जवळून पाहावा. पेन्सिल आधी डोक्यावरच्या रेघेवर जाते, कारण ती सगळ्यात सोपी. मग उजवा दंड, तोही खालून वर. मग मधली आडवी रेघ, आणि गाठ राहिली म्हणून शेवटी एक सुटा गोल. पान तपासणाऱ्याला अक्षर बरोबर दिसते. पण कोरी पाटी पुढे ठेवली की तोच 'म' मुलाला काढता येत नाही, कारण हाताला अक्षराची वाट कळलेलीच नसते. ती वाट अशी: डावी रेघ वरून खाली, तिथेच गाठ, हात न उचलता उजवीकडे आडवी; मग दंड वरून खाली; शिरोरेघ सर्वांत शेवटी, डावीकडून उजवीकडे. शिरोरेघ आधी ओढली की अक्षर तिला लोंबकळते, दंड वर घुसतो, आणि पुढे शब्द लिहिताना प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घातली जाते.

क्रमही महत्त्वाचा. आपल्याकडे 'गमभन' म्हणतात ते उगाच नाही. चारही अक्षरांना उजवीकडे दंड आहे आणि डावीकडचा भाग छोटा आहे. शिवाय मन, नभ, गगन, नमन असे शब्द लगेच तयार होतात. 'अ'पासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी सगळ्यात गुंतागुंतीचे वळण पुढ्यात येते. 'घ' आणि 'ध', 'प' आणि 'ष' या जोड्या एका आठवड्यात घेऊ नयेत. एक अक्षर पक्के होऊ द्यावे, मगच दुसरे. 'म'च्या पाठोपाठ 'भ' येतो तेव्हा 'भ'ची शिरोरेघ डावीकडे उघडी राहते हे बोट ठेवून दाखवावे.

साधनांसाठी पैसे लागत नाहीत. पालघर किनाऱ्यावरच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडीचे काम सुरू केले, ते परिसरातल्या वस्तूंच्या भरवशावर. बोटाने अक्षर गिरवायला आपल्या दारात तर वाळू आहे. पुळणीवरची वाळू मात्र तशीच वापरू नये. तिच्यातले मीठ पावसाळी हवेत ओल धरते आणि वाळूचे गोळे होतात. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, मे महिन्याच्या उन्हात वाळवून, बारीक चाळणीने चाळून डब्यात बंद ठेवावी. ताटात थर अर्धा सेंटिमीटर पुरे. जाड थरात कडा ढासळून रेघ बुजते. ताटाचा तळ वाळूच्या उलट रंगाचा हवा. रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू पांढऱ्या ताटात उत्तम उठते. वाळूऐवजी भाताचे तूस घेऊ नये, ते बोटांना टोचते.

ऐन पावसात पाटी बरी. पाटीवर खडूने वीतभर अक्षर काढावे आणि मुलाने ओल्या बोटाने ते पुसत जावे, अर्थात लिहिण्याच्याच वाटेने. बोट जिथे घसरले तिथे पांढरा खडू उरतो आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. प्रत्येक वेळी तोंडाने अक्षराचा उच्चार हवाच; मुक्याने गिरवलेले अक्षर वाचताना आठवत नाही.

बोटाने तीन-चार दिवस झाले की पेन्सिल. पाटीची पेन्सिल किंवा मेणखडू तुकडा करून, दोन-तीन सेंटिमीटरचाच द्यावा. इतका छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांची पकड आपोआप येते. मग आधार कमी करत न्यावा: आधी पूर्ण अक्षर, मग फक्त डावा भाग, मग केवळ सुरुवातीचा एक ठिपका, शेवटी कोरी जागा. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. गिरवण्याचा खरा उपयोग ते बंद करण्यापर्यंतचाच आहे.

वहीचे पूर्ण पान भरून घेण्यात आणखी एक तोटा आहे. मूल वरचा कित्ता पाहून फक्त पहिली ओळ लिहिते. दुसरी ओळ पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. एकदा बिघडलेली गाठ दहाव्या ओळीपर्यंत पार विरघळते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कित्ता द्यावा, पाच-सहा अक्षरे पुरेत, आणि त्यातले सर्वांत चांगले कोणते ते मुलालाच विचारावे. दहा मिनिटांनंतर हात थकतो, पेन्सिल दाबली जाते आणि दमट कागद फाटतो.

वही घेताना 'ल' आणि 'श' पाहून घ्या. मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच प्रमाण आहेत, २००९ च्या शासन निर्णयातही तसेच आहे. तरी हिंदी वळणाच्या अक्षरांची पुस्तके इथे सर्रास विकली जातात आणि पहिलीत मुलाला पुन्हा नव्याने शिकावे लागते.

डावखुऱ्या मुलांचा हात बदलू नये. कित्ता ओळीच्या डावीकडे छापलेला असतो, तो त्यांच्याच हाताखाली झाकला जातो. म्हणून उजव्या टोकालाही एक अक्षर काढून द्यावे आणि वही किंचित उजवीकडे कलती ठेवावी. शिरोरेघ ओढताना त्यांची पेन्सिल ढकलली जाते, टोक कागदात रुततं. त्यांना मऊ, बोथट टोकाची पेन्सिल द्यावी.

आपल्या,
बालवाडी व पहिलीच्या शिक्षिका,
जि. रत्नागिरी