अकदवर पियानो टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लग्नाच्या सिनेमॅटिक व्हिडिओवर लेख आला होता, तो इथे मलेशियात, जोहोर बारूत बसून मोबाईलवर वाचला. लेख चांगला होता पण एक मुद्दा काही डोक्यातून जाईना, की गिंबल (कॅमेरा हलू न देणारं हँडल), ड्रोन आणि स्लो मोशन नीट जमलं की झालं, आवाजाचं काय, नंतर म्युझिक टाकून भागतं. मी मूळचा मिरजेचा, इथे सहा वर्षं आहे, नोकरी वेगळीच आहे, पण शनिवार-रविवार एका मलय मित्राबरोबर लग्नं शूट करतो आणि एडिटिंग बहुतेक माझ्याच गळ्यात असतं. हाच सल्ला पाळून मी एका लग्नाची पार वाट लावलीय, म्हणून लिहितोय.

मलय लग्नात मेन गोष्ट म्हणजे अकद निकाह, प्रत्यक्ष लग्न लावण्याचा विधी, बहुतेकदा मशिदीत, सकाळी. नवरा मुलगा गादीवर मांडी घालून बसतो, समोर मुलीचा वली म्हणजे वडील किंवा मग त्यांच्या वतीने काझी, दोघांचे हात हातात, बाजूला दोन साक्षीदार, आणि मुलगी थोडी लांब बायकांमध्ये. वली म्हणतो की तुझं लग्न लावून देतोय, हाताला एक हलका झटका देतो, आणि मुलाने लगेच, मध्ये श्वास न घेता म्हणायचं, ‘अकू तेरिमा निकाहन्या’, मग मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, शेवटी ‘तुनाई’ म्हणजे रोख. साक्षीदार मान डोलावतात, ‘साह’, म्हणजे ग्राह्य. झालं लग्न! सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. आपल्याकडे एका मंगलाष्टकाला शॉट हुकला तर पुढच्या ‘सावधान’ला घेता येतो, इथे तसली सोय नाही.

तर मुआरजवळच्या एका गावातलं लग्न. जोहोर राज्यात मेहेरचा आकडा वर्षानुवर्षं २२ रिंगिट ५० सेन असाच चालत आलाय, आणि मुलं अडखळतात ती नेमकी त्यावरच, कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून ‘लिमा पुलुह सेन’ एका दमात निघत नाही. हा मुलगाही ते पन्नास सेन खाऊन बसला. साक्षीदारांनी मान हलवली नाही, मागून कुणीतरी खुदकन हसलं, मुलीच्या वडिलांनी (तेच वली होते) त्याचा हात काही सोडला नाही, नुसतं म्हणाले, परत. दुसऱ्या वेळी खणखणीत आलं, आणि साह.

मी काय केलं असेल? पहिला प्रयत्न एनजी, म्हणजे ‘नो गुड’, म्हणून उडवला. दुसऱ्याच्या वेळी माझा गिंबलवरचा कॅमेरा स्लो मोशन मोडला होता, त्या मोडमध्ये आमच्या कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्डच होत नाही, पण हातांचा क्लोजअप असला भारी आला होता की मी तोच लावला, अर्ध्या स्पीडने, खाली पियानो. आठवड्याने त्यांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. बघून झाल्यावर वडील एवढंच म्हणाले, छान आहे, पण तो चुकला ते कुठंय? आणि साह कुठे गेलं? तंतुवाद्यांच्या गावचा माणूस मी, आणि लग्नातलं लग्नच कापून टाकलं होतं.

आवाज नशिबाने होता. मुलाच्या सदऱ्याला लावलेला लॅपल माइक फुकट गेला होता, कारण वायर सांपिंगखालून (कमरेला गुंडाळतात ते सोंगकेटचं वस्त्र) नेलेली आणि सोंगकेटचं कापड जरीमुळे इतकं कडक असतं की माणूस जरा हलला की नुसती खरखर. पण मित्राने काझीची परवानगी घेऊन कागदांच्या बाजूला एक छोटा रेकॉर्डर ठेवून दिला होता, त्यात वडिलांचा आवाज, मुलाचं अडखळणं, ते हसणं, सगळं स्वच्छ. मग परत एडिट केलं, एकाच लांब शॉटमध्ये, नॉर्मल स्पीडला, म्युझिक शून्य, चुकलेल्या वाक्यापासून साहपर्यंत एकही कट नाही. स्लो मोशन ठेवलं ते त्याच्या पुढच्या क्षणाला, जेव्हा नवरा उठून बायकोकडे जातो आणि अंगठी घालतो. त्याला इथे ‘बाताल आइर संबाह्यांग’ म्हणतात, म्हणजे त्या स्पर्शाने वुजू, नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, मोडतो (इथले लोक शाफई पंथाचे, आपल्याकडचे कोकणी मुसलमानही शाफईच). तिथे कुणी काही बोलत नाही, त्यामुळे तिथे खुशाल हळू करा.

दुसरी गोष्ट कोंपांगची. नवरदेवाच्या वरातीत पुढे चमचमत्या कागदाच्या झिरमिळ्या लावलेल्या काठ्या, म्हणजे बुंगा मांगार, आणि मागे दहा-पंधरा पोरं हातात डफासारखे कोंपांग घेऊन. एडिटरची सवय अशी की ठेका ऐकला की ठेक्यावर कट मारायचा. मी तसंच मारत होतो आणि दर वेळी काहीतरी खोटं वाटायचं, सिंक बघितलं तर बरोबर! शेवटी वाजवणाऱ्यांपैकी एकाने समजावलं की एकटा कुणीच पूर्ण ठेका वाजवत नाही, एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो, सगळे मिळून तो ठेका होतो. म्हणजे एका हाताचा क्लोजअप दाखवून खाली अख्खा ठेका लावला की डोळ्याला दिसतं एक आणि कानाला ऐकू येतं भलतंच. तेव्हापासून वरात सुरू झाली की एक रेकॉर्डर शेवटपर्यंत बंद करत नाही, सगळे शॉट त्या एका आवाजावर बसवतो, आणि तीन-चार वाजवणारे एकत्र दिसतील असा शॉट पाच-सहा सेकंद तरी हलू देत नाही. एक-सव्वा एकला जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होते तेव्हा कोंपांग, कॅराओके सगळं थांबतं. ती शांतताही मी ठेवतो. एका क्लायंटने विचारलं होतं की आवाज गेलाय का.

बाकी तांत्रिक भानगडी पटकन सांगतो. नवरीच्या एसी खोलीतून बाहेरच्या दमट उन्हात कॅमेरा नेला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅग अर्धा तास आधी व्हरांड्यात आणून ठेवायची. इथली वीजही आपल्यासारखी ५० हर्ट्झची, तेव्हा पेलामिनवरच्या, म्हणजे नवरा-नवरी राजा-राणीसारखे बसतात त्या मंचावरच्या, लाइटखाली शटर १/५० ठेवायचं, नाहीतर पट्टे येतात. आणि कृपा करून एडिटिंगमधले ते निळसर-नारिंगी रेडिमेड कलर फिल्टर सोंगकेटवर मारू नका. सोन्याच्या जरीने हातमागावर विणलेलं कापड आहे ते, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय, आणि त्या कलरने ते पितळेच्या जुन्या हंड्यासारखं दिसायला लागतं.

हो, आणि जेवण. लग्नाच्या जेवणाला इथे केंदुरी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उडालोच, कारण आपल्याकडे दर्ग्याला नवस फेडताना जी कंदुरी करतात तोच हा शब्द, फारसीतून दोन्हीकडे पोचलेला. आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून कांदे सोलतात, मोठमोठ्या कढया चढतात, दुसऱ्या दिवशी नासी मिन्याक म्हणजे तुपातला भात, लाल चिकन आणि दालचा म्हणजे डाळीचा रस्सा (हा बहुतेक आपल्याच बाजूचा पाहुणा). लोक अकरा ते चार कधीही येतात, जेवतात, निघताना यजमानाच्या हातात हात देतात आणि त्या हस्तांदोलनातच आहेराची नोट सरकवतात. ते शूट करू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलंय.

तर माझं म्हणणं एवढंच की लेखकाने ड्रोनला जेवढी जागा दिली त्याच्या निम्मी तरी माइकला द्यावी. ड्रोन तसाही मंडपावरून काय दाखवणार, ताडपत्री. लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली छापलं होतं, त्यात हे घेता आलं तर बघा. त्या मुआरच्या वडिलांनी नंतर आमच्याकडून व्हिडिओची नाही, रेकॉर्डरची फाइल मागून घेतली, आणि म्हणाले ते हसणं आहे ना, ते माझ्या बहिणीचं आहे.

आपला एक वाचक,
जोहोर बारू, मलेशिया