खाड्याचे सहा शिलिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ च्या आपल्या अंकात क्रीडा पानाच्या तळाला चार ओळींची एक बातमी होती. मथळा : 'ॲशेस ऑस्ट्रेलियाकडेच'. आमच्या चहाच्या गाड्यावर पेपर मागच्या पानापासून वाचतात, त्यामुळे सकाळी सातलाच गलका झाला. क्रिकेटची पर्थ कसोटी २१ तारखेला, अजून नाणेफेक नाही, मग ॲशेस गेली कुठं? एकानं छापखान्याचा उद्धार केला. दुसऱ्यानं हे सट्टेवाल्यांचं काम असल्याचं जाहीर करून टाकलं. मी चष्मा लावून खालच्या ओळी वाचल्या तेव्हा उलगडा झाला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग मालिकेलाही ॲशेसच म्हणतात. तिची तिसरी कसोटी लीड्सच्या हेडिंग्लीवर झाली, ऑस्ट्रेलियानं ती ३०-८ अशी घेतली आणि मालिका ३-०. आता हेडिंग्ली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं क्रिकेटच येतं, हे मान्य. तिथं एकाच स्टँडच्या दोन अंगांना दोन मैदानं आहेत, एकीकडे क्रिकेट आणि पाठीला पाठ लावून रग्बी लीग. पण बातमी लिहिणाऱ्यानं निदान कुठल्या अंगाला बसलोय एवढं तरी बघावं.

चार ओळींत चुका किती, ते सांगतो. आपण लिहिलंत, 'रग्बी लीग स्पर्धेच्या अंतिम फेरीत'. रग्बी लीग ही स्पर्धा नव्हे, ते त्या खेळाचंच नाव आहे. आयपीएलमधली 'लीग' इथं लागू होत नाही. गेल्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, बहुधा त्यामुळं आपल्या उपसंपादकांचा गोंधळ उडाला असावा. पण तो सात-सात जणांचा वेगळाच प्रकार, आणि तोही रग्बी युनियन या दुसऱ्या घराण्यातला. पुढं '३०-८ अशा गोलफरकाने'. ते गोल नव्हेत, गुण. चेंडू समोरच्यांच्या रेघेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय; एका ट्रायला चार, त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला की दोन. एका ओळीत संघ ब्रिटनचा, दुसऱ्या ओळीत इंग्लंडचा. पूर्वी ग्रेट ब्रिटन खेळायचा हे खरं, यंदा मात्र इंग्लंड होतं. आणि छायाचित्र! त्यात दोघांनी एकाला मांड्यांना धरून वर उचललंय आणि तो हवेत चेंडू झेलतोय. त्याला लाइन-आउट म्हणतात, आणि लीगवाल्यांनी तो प्रकार १८९७ सालीच बंद केलाय. म्हणजे फोटो रग्बी युनियनचा. पंधरा जणांचा खेळ तो, लीगचा तेरांचा.

इचलकरंजीतल्या म्हाताऱ्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हे कुठून ठाऊक, असं आपल्याला वाटेल. सांगतो.

१९९४ च्या नोव्हेंबरात आमचे मालक इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या बाजूला जुने माग खरेदी करायला गेले. माग डोळ्यांनी पारखायला बरोबर मला नेलं. गिरणी बंद पडली होती, शेडमध्ये ऊब नव्हती, आणि आम्ही दोन आठवडे नटबोल्ट सैल करत होतो. तिथला एक म्हातारा फिटर मदतीला होता. त्याच्या उजव्या हाताची करंगळी फार पूर्वी मागातच गेलेली. त्याचं यॉर्कशायरचं इंग्रजी आणि माझं दिवाणजीच्या वहीतलं इंग्रजी, पण मागाच्या भागांना बोट लावलं की दोघांनाही सगळं कळायचं. विकलेल्या, खोक्यात जाणाऱ्या यंत्राला तो माणूस सुटं करायच्या आधी तेल घालायचा. मालक म्हणाले, कशाला वेळ घालवतोय हा? मी म्हणालो, घालू दे.

त्यानंच मला रविवारी, २० तारखेला, लीड्सच्या एलंड रोडला नेलं. ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, तिसरी कसोटी. मालिका १-१ अशी होती. वेम्ब्लीवर पहिली ब्रिटननं ८-४ अशी जिंकली होती, तीही एक गडी बाहेर काढला गेल्यावर बारा जणांत. मँचेस्टरला दुसरी ऑस्ट्रेलियानं ३८-८ अशी घेतली होती. मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास माणसं. एवढी गर्दी मी तोवर फक्त जोतिबाच्या यात्रेत पाहिलेली. मी मांसाहार करत नाही हे लक्षात ठेवून फिटरनं चीजचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, आणला आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला.

पहिली पाच मिनिटं मला काहीच उमगेना. मग त्यानं हात पुढं केला. चेंडूवाला पकडला गेला की तो एक बोट मिटायचा. पकडलेल्याला सोडतात, तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, टाचेनं मागं सारतो, मागचा उचलतो आणि पुन्हा चढाई. दुसरं बोट. अशा सहा पकडी. तेवढ्यात ट्राय झाला नाही तर चेंडू समोरच्यांना. सहा मोजायला त्याच्या उजव्या हाताची चार बोटं आणि डाव्याची दोन. मी म्हणालो, अहो, ही तर कबड्डी! त्यानं ती कधी पाहिलेली नव्हती, मला तोडक्या इंग्रजीत समजावणं जमेना, म्हणून मी स्टँडमध्येच 'कबड्डी कबड्डी' म्हणून दाखवलं. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. पण तुम्हीच बघा : एकटा आत घुसतो, तिघेचौघे कमरेला, घोट्याला, खांद्याला लोंबकळतात, आणि तो रेघेकडं हात लांबवतो. युनियनमध्ये पडलेल्या चेंडूवर ढीग रचतात, काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. लीगमध्ये सगळं उघड्यावर.

ब्रिटन हरलं, २३-४. ऑस्ट्रेलियाचा कप्तान मॅल मेनिंगा म्हणजे दारातून आडवाच आत यावा असा गडी. इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याची ती चौथी खेप, १९८२ पासूनची. सामना संपल्यावर फिटर उठून उभा राहिला आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हरवणाऱ्यासाठी कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, चार वेळा एवढ्या लांबून आलाय तो.

परतताना बसमध्ये त्यानं मला जे सांगितलं ते मी पुढं ताडून पाहिलंय, आणि त्यासाठीच हे पत्र. तेव्हाच्या शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या संघांत गिरणी कामगार आणि खाणकामगार खेळायचे. शनिवारी दुपारपर्यंत काम. सामना परगावी असला की सकाळीच निघावं लागे, म्हणजे खाडा, म्हणजे पगार बुडाला. क्लबांचं मागणं एवढंच होतं की त्या खाड्याची भरपाई खेळाडूला देऊ द्या. लंडनच्या धुरीणांनी १८९३ साली ते फेटाळलं. पैसे घेऊन खेळणं सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असा त्यांचा पवित्रा. ज्याला पगारच नको त्याला कसला खाडा! शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. खाड्याचे दिवसाला सहा शिलिंग ठरले. त्या फुटीतून जो खेळ निघाला तो रग्बी लीग. तेराचा संघ १९०६ पासूनचा. तिकडं युनियनवाल्यांनी लीग खेळलेल्या माणसाला आपले दरवाजे कायमचे बंद केले, आणि स्वतः पैसे द्यायला सुरुवात केली ती आमच्या त्या बसप्रवासाच्या पुढच्या वर्षी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

आमच्या गावात मागावर मजुरी पिकाप्रमाणे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीप्रमाणे. आला नाहीस तर काही नाही. महिनाअखेर दिवाणजीच्या वहीत खाड्यांच्या फुल्या मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. माझे थोरले चुलते लालबागला गिरणीत होते आणि कबड्डी खेळायचे. बाहेरगावचा सामना असला की चुलती म्हणायची, "जिंकून या नाहीतर हरून या, खाडा करून येऊ नका." पुढं गिरण्यांनीच आपले संघ उभे केले तेव्हा कुठं हा प्रश्न मिटला. तेव्हा हडर्सफील्डची गोष्ट मला परकी वाटली नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांनाही ती वाटणार नाही. चार ओळींच्या जागी चौदा दिल्या असत्या तर एवढं मावलं असतं.

आणि या दौऱ्यांच्याही काय कथा आहेत! १९४६ साली युद्ध नुकतंच संपलेलं, प्रवासी जहाज मिळेना, तर ब्रिटनचा संघ 'इंडोमिटेबल' या विमानवाहू युद्धनौकेवरून ऑस्ट्रेलियाला गेला. जहाजानं फ्रीमँटलला सोडलं, तिथून सगळा देश ओलांडून रेल्वेनं सिडनीकडं. पहिली कसोटी ८-८ बरोबरीत, पुढच्या दोन्ही जिंकल्या. कप्तान गस रिझमन. ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका एकही सामना न हरता खेळून आलेला ब्रिटनचा तो एकमेव संघ. त्याआधी १९१४ ला सिडनीत आठ दिवसांत तीन कसोट्या घ्यायला लावल्या, तिसरीत एकामागून एक गडी जायबंदी होऊन शेवटी मैदानावर दहाच उरले, बदली खेळाडूची सोय नाही, तरी सामना १४-६ असा जिंकला. फिटर हे सांगताना जणू स्वतः तिथं होता.

यंदाच्या मालिकेचं महत्त्वही आपल्या बातमीत कुठं नव्हतं. २००३ नंतर तब्बल बावीस वर्षांनी ही ॲशेस झाली. २५ ऑक्टोबरला वेम्ब्लीवर ६०,८१२ प्रेक्षक होते. तिथं ऑस्ट्रेलिया २६-६, त्यांच्या रीस वॉल्शचे दोन ट्राय. १ नोव्हेंबरला लिव्हरपूलमध्ये एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नव्या मैदानावर १४-४, त्यात इंग्लंडला एकही ट्राय करता आला नाही. मग हेडिंग्ली. ब्रिटननं ॲशेस शेवटची जिंकली १९७० मध्ये, १९७३ पासून ती ऑस्ट्रेलियाकडं आहे. आपल्या मथळ्यातला 'कडेच' मधला 'च' तेवढा बरोबर पडलाय, तो लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

माझ्या मते ही मालिका फार घाईची होती. तीन शनिवार, तीन कसोट्या, चला घरी. पूर्वी दौऱ्यावरचा संघ मधल्या दिवसांत क्लबांशीही खेळायचा, लहान गावातल्या पोराला जगज्जेत्यांना अंगावर घ्यायला मिळायचं. नातवाच्या मोबाइलवर मी तिन्ही सामन्यांचे तुकडे पाहिले. ऑस्ट्रेलियाचे गडी वेगळ्याच तालमीतले वाटतात. इंग्लंडवाले पाचव्या पकडीपर्यंत येतात आणि तिथं त्यांना काय करायचं ते सुचत नाही. फिटर असता तर त्यानं सहावं बोट मिटलंच नसतं. त्याचं पत्र शेवटचं आलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

दुरुस्ती छापावी ही विनंती. छोटी चालेल, पण क्रीडा पानावरच.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
इचलकरंजी

ता. क. : २०२६ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा विश्वचषक सुरू होतोय. तेव्हा छायाचित्र निवडताना कुणी हवेत उचललेला दिसला तर ते बाजूला ठेवावं.